'मी जाते' की 'मी जातो'? भातुकली, मोटार आणि साडेतीन वर्षांचा मुलगा

पारिजात (सोमवार, रात्री ९:४०)

माझ्या आईची पितळी भातुकली आमच्याकडे आहे. इवलासा बंब, शेगडी, खलबत्ता, सोऱ्या, झाकणाचे डबे, असा सगळा संसार एका लाकडी पेटीत मावतो. माझा मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून त्या पेटीशी खेळत आला आहे. यंदा जूनमध्ये तो बालवाडीत जाऊ लागला. गणपतीत नणंदेची मुलगी आली तेव्हा मी पेटी काढली, तर त्याने ती दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "ही मुलींची असते. मी नाही खेळत." त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. आकाश निळे आहे हे सांगावे तितक्या सहजपणे तो बोलला.

आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक नवरा करतो. "हे मुलींचे, ते मुलांचे" असे घरात कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. मग हे आले कुठून, याचा छडा लावण्यासाठी मी पंधरा दिवस एक वही केली आणि त्याच्या कानावर व डोळ्यांवर पडणाऱ्या गोष्टी टिपत गेले. खेळण्यांच्या दुकानदाराने फळीकडे हात नेण्याआधी "मुलगा की मुलगी?" असे विचारले. एका वाढदिवसाहून मुले निघाली तेव्हा भेटीच्या पिशव्यांचे दोन ढीग होते. गुलाबी पिशवीत आरसा आणि केसांच्या क्लिपा, निळीत मोटार. सोसायटीच्या जिन्यात तो पडला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अगदी मायेने उचलून "वाघ ना तू, वाघ रडतो का?" असे विचारले, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या नातीला मात्र "अगं बाई, लागलं का गं?" म्हणून कुशीत घेतले. वही भरली, पण यातल्या एकाही माणसाला दोष द्यावा असे मला वाटले नाही.

वही लिहिता लिहिता एक जुनी गोष्ट आठवली आणि मी थांबलेच. दोन वर्षांचा असताना तो माझे ऐकून "मी जाते", "मी पडले" असेच बोलायचा. सगळे हसायचे. तेव्हा "तू मुलगा आहेस ना, मग 'मी जातो' म्हणायचं" असे त्याला कोणी सांगितले असेल? मीच. एकदा नव्हे, रोज, कित्येक महिने.

आपल्या भाषेची ही गंमत मी आजवर कधी नीट पाहिलीच नव्हती. "मला हवं", "मी खाल्लं", "मी खेळणार" या वाक्यांत बोलणारा कोण आहे हे कळत नाही. पण "मी खेळतो", "मी आले" म्हणताच बोलणाऱ्याला आपली बाजू सांगावी लागते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला स्वतःविषयी बोलताना हा प्रश्न पडतच नाही. मराठी मुलाला तो दिवसातून शंभर वेळा पडतो. त्यातून 'ते बाळ' नपुंसकलिंगी! म्हणजे आपली भाषा मुलाला वर्ष-दोन वर्षे दोन्ही बाजूंच्या मधोमध ठेवते आणि ते बोलू लागले की एका रांगेत उभे करते.

तेव्हा माझा प्रश्न असा की, भातुकली 'मुलींची' असते हे त्याला बालवाडीने शिकवले, दुकानदाराने शिकवले, की "मी जातो" म्हणायला लावून मीच पाया घालून ठेवला? येथे बालवाडीत शिकवणारे, मानसशास्त्राचा अभ्यास केलेले आणि माझ्यापेक्षा जास्त मुले वाढवलेले अनेक जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिले.

---

काजवा (सोमवार, रात्री ११:१५)

पारिजातताई, मी विकासात्मक मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडे लांबलचक लिहिण्याची परवानगी घेते.

मुलाला कोणीतरी 'शिकवले' असलेच पाहिजे हे गृहीतच थोडे बाजूला ठेवावे असे मला वाटते. कॅरल मार्टिन आणि डायेन रूबल या दोन संशोधिकांनी २००४ साली लहान मुलांना 'लिंगभावाचे गुप्तहेर' असे म्हटले होते. जगात माणसांचे दोन गट आहेत आणि आपण त्यांपैकी एका गटातले आहोत, एवढे साधारण दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान मुलाला कळले, की कोणत्या गटाकडे काय जाते याचे पुरावे ते स्वतःच गोळा करू लागते. तुम्ही वही आत्ता केली, त्याची वही वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती.

त्यातही या वयाची एक खास अडचण असते. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडल्याप्रमाणे, तीन वर्षांच्या मुलाला आपण मुलगा आहोत हे कळते, पण आपण कायम मुलगाच राहणार आहोत याची त्याला खात्री नसते. फ्रॉक घातला किंवा केस वाढवले तर आपण मुलगी होऊ, असे त्याला खरोखर वाटू शकते. ही खात्री पटायला सहा-सात वर्षांचे वय उजाडते. तोवर कपडे, केस, खेळणी या बाहेरच्या खुणाच त्याच्या लेखी सगळे काही असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी आपल्याच मुलाची गोष्ट लिहून ठेवली आहे. तो केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला, तेव्हा दुसरा मुलगा त्याला दिवसभर "तू मुलगी आहेस, क्लिपा मुलीच लावतात" असे म्हणत राहिला. शेवटी यांच्या चिरंजीवांनी पुराव्यादाखल चड्डी खाली केली, तर तो दुसरा म्हणाला, "ते तर सगळ्यांनाच असतं, क्लिपा फक्त मुलींनाच असतात." तुमच्या मुलाने पेटी सरकवली त्यामागे भातुकलीविषयीचा तिटकारा नसावा. आपण चुकीच्या घरात पाऊल तर टाकत नाही ना, एवढी सावधगिरी त्यात असावी.

लेबल किती खोल जाते याचे प्रयोग १९८० च्या दशकात मॅरिलिन ब्रॅडबार्ड यांनी केले. मुलांनी आधी कधीही न पाहिलेल्या वस्तू खोक्यांत ठेवल्या आणि "ही मुलांसाठी", "ही मुलींसाठी" असे नुसते सांगितले. मुलांनी 'दुसऱ्यांच्या' खोक्यातल्या वस्तू कमी हाताळल्या, आणि आठवड्यानंतर विचारल्यावर त्यांच्याविषयी त्यांना आठवतही कमी होते. खेळणे टाळले की त्याविषयीचे ज्ञानही टळते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत काळजीची बाब हीच आहे, कारण ठोकळ्यांशी आणि कोडी जुळवण्याशी न खेळलेल्या मुलीला पुढे भूमिती 'मुळातच' जड जाते असे आपण सहज म्हणून टाकतो.

व्याकरणाविषयीही तुमची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या घरांतल्या लहानग्यांची तुलना झाली होती. हिब्रूत आपल्यासारखेच क्रियापदाला लिंग चिकटते. फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांना मिळून एकच शब्द आहे. आपण मुलगा की मुलगी हे हिब्रू मुलांना सर्वांत आधी उमगले आणि फिनिश मुलांना सर्वांत उशिरा.

---

तांबडापांढरा (मंगळवार, सकाळी ७:०५)

काजवाताई, अभ्यास मान्य, पण आमच्या कोल्हापूरचे काय करायचे? आमच्याकडे बायका आणि मुली सर्रास "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" असेच म्हणतात. माझी आजी, आई, मी, सगळ्या तशाच बोलत आलो. पुण्यात कॉलेजला गेल्यावर मैत्रिणी हसल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळले की यात हसण्यासारखे काही आहे.

आता पारिजातताईंचा तर्क खरा असता, तर कोल्हापूरच्या मुलींनी भातुकली पंचगंगेत सोडून भोवरे फिरवायला हवे होते. प्रत्यक्षात पोळपाट-लाटणे आमच्याच हातात आले, आणि तालमीच्या दारातून आत डोकावले तरी "पोरी, इकडं कुठं?" असे विचारले गेले. क्रियापदाने आम्हाला सूट दिली होती, पण घराने दिली नाही.

---

दर्यावर्दी (मंगळवार, सकाळी ८:३०)

गोव्याहून एक भर. कोकणीत लहान मुलगी 'चेडूं', म्हणजे नपुंसकलिंगी. ती स्वतःविषयी "हांव गेलें" म्हणते, तेही नपुंसकलिंगीच. मुलगा मात्र पहिल्यापासून "हांव गेलों". तरीही पावसाळ्यात फुटबॉल घेऊन शेतात चिखल तुडवायला कोण जायचे आणि घरी कोण राहायचे, हे सांगायला नकोच. तांबडापांढरा यांच्याशी सहमत.

---

नाना_नाशिककर (मंगळवार, दुपारी १२:२०)

माझे वय त्र्याहत्तर. तुम्ही सगळे अभ्यास सांगता आहात, मी फक्त आठवण सांगतो.

आमच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा. गोदावरीकाठची माती आणायची, दगडांवर पोती टाकून ती थापायची, अळीव पेरायचे, आणि ते उगवून किल्ला हिरवा झाला की वर चित्रे मांडायची. किल्ला 'मुलांचा' आणि रांगोळी 'मुलींची' हे इतके पक्के होते की ते कोणी कधी बोलून दाखवल्याचे आठवत नाही. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. माती चाळायची ती, घमेले उचलायची ती, अळिवाला पाणी घालायची तीच. सिंहासनावर महाराज मात्र मी बसवायचो. लोक बघायला आले की "वा, काय किल्ला केलाय पोराने!" असे म्हणायचे आणि ती तिथेच हातात तांब्या घेऊन उभी असायची. हे मला साठ वर्षे खटकले नाही. मागच्या वर्षी नातीने "आजोबा, मला किल्ला करायचाय" म्हटल्यावर बहीण फोनवर पटकन म्हणाली, "तिला महाराज स्वतः बसवू दे हो." तेव्हा खटकले.

एक गोष्ट मात्र सांगतो. गुलाबी-निळे आमच्या लहानपणी नव्हते. बोरन्हाणाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने मुलालाही असत आणि मुलीलाही. माझा हलव्याचा हार घातलेला फोटो अजून आहे. वाळे, मनगट्या, काजळ, गालावर तीट, हे सगळे दोघांनाही सारखेच असायचे. वाटणी नव्हती असे मी म्हणत नाही, पण ती रंगात नव्हती.

---

काजवा (मंगळवार, दुपारी १:१०)

नाना, रंगांची वाटणी पाश्चात्त्य देशांतही फार जुनी नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी हा अधिक ठाशीव रंग म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना सुचवला होता. आजचा शिरस्ता त्यानंतर पक्का झाला.

तांबडापांढरा आणि दर्यावर्दी, तुमची हरकत मला मान्य करावीच लागेल. भाषेमुळे मुलाला आपली बाजू लवकर कळत असेल, पण त्या बाजूला कोणते खेळणे येते हे भाषा सांगत नाही. ते सांगणारे दुसरेच असतात.

---

उलटतपासणी (मंगळवार, रात्री १०:००)

चर्चा एकाच अंगाने चालली आहे म्हणून विरोधी वकिली करतो. मला जुळी मुले आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. घर तेच, खेळण्यांचा डबा तोच. मुलीने ट्रकला दुपट्यात गुंडाळून झोपवले आणि मुलाने लाटण्याची बंदूक केली. आम्ही दोघांनीही काही शिकवले नव्हते.

शिवाय संशोधन एकाच बाजूचे नाही. जन्मापूर्वी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषांत जास्त असणारी संप्रेरके, जास्त प्रमाणात लाभलेल्या, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचा एक जन्मजात विकार असलेल्या मुली, मोटारी आणि ठोकळ्यांकडे इतर मुलींपेक्षा जास्त वळतात, हे शेरी बेरेनबाम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये दाखवले. २००२ मध्ये याच हाइन्स आणि जेरियन अलेक्झांडर यांनी व्हर्व्हेट माकडांपुढे खेळणी ठेवली, तर नरांनी चेंडू आणि मोटार जास्त हाताळली आणि माद्यांनी बाहुली आणि पातेले. माकडांना कोणत्या काकूंनी "वाघ ना तू" म्हटले होते?

---

काजवा (मंगळवार, रात्री ११:४५)

उलटतपासणी, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. संप्रेरकांचा काहीच वाटा नाही असे म्हणणारा माणूस मलाही पटत नाही, आणि त्या विकाराच्या मुलींचे निष्कर्ष नंतरही टिकले आहेत.

पण माकडांच्या बाबतीत जरा थांबा. माद्यांनी पातेले जास्त हाताळले, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. माकडिणीने कधी चूल पेटवली असेल, तरच तिला पातेल्याचे अप्रूप! त्या पातेल्यात तिला काय दिसले, हे त्या प्रयोगाला सांगता येत नाही. २००८ मध्ये अटलांटातल्या संशोधकांनी ऱ्हीसस माकडांवर तसाच प्रयोग केला, त्यात नरांना चाकांची खेळणी जास्त आवडली, माद्यांना मात्र चाकांची आणि मऊ अशी दोन्ही जवळजवळ सारखीच आवडली. चाकांची ओढ थोडी जन्मजात असेलही. पितळी बंब 'मुलींचा' असतो, ही ओढ नव्हे. ती माहिती आहे, आणि माहिती बाहेरूनच येते.

आणि "आम्ही काही शिकवले नव्हते" याविषयी, तुमचा रोष पत्करून. १९७६ मध्ये जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी प्रौढांना एका बाळाची चित्रफीत दाखवली. पेटीतून बाहुला उसळून बाहेर येतो आणि बाळ दचकून रडते. निम्म्यांना बाळ मुलगा असल्याचे सांगितले होते आणि निम्म्यांना मुलगी. चित्रफीत तीच, बाळ तेच. मुलगा समजणाऱ्यांना ते रागावलेले वाटले, मुलगी समजणाऱ्यांना घाबरलेले. आता रागावलेल्या बाळाशी आपण जसे वागू, तसे घाबरलेल्या बाळाशी वागणार नाही, आणि दोन्ही वेळी आपण बाळाच्या स्वभावाप्रमाणेच वागतो आहोत अशी आपली खात्री असेल. तुमच्या मुलीने ट्रक झोपवला तेव्हा घरातले कोण हसले, आणि मुलाने लाटणे रोखले तेव्हा कोणी हात वर करून "मेलो" म्हटले, एवढे जरा आठवून पाहा.

---

उलटतपासणी (बुधवार, सकाळी ६:५०)

मीच म्हणालो होतो "मेलो". रोज म्हणतो. विचार करतो आहे.

---

चिंचबोर (बुधवार, दुपारी ३:३०)

मी सिंधुदुर्गात अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षे झाली. हा धागा दोनदा वाचला आणि मगच लिहायला बसले.

तुमचा मुलगा बालवाडीत हे शिकला असेल, असे मला वाटते, पण बाईंनी तसे शिकवले म्हणून नव्हे. आम्ही रोज काय करतो ते सांगते. हात धुवायला निघालो की मुलांची एक रांग आणि मुलींची एक रांग. गोष्टीच्या वेळी मुले या बाजूला, मुली त्या बाजूला. "बघू या, मुलगे आधी गप्प बसतात की मुली!" असे म्हटले की सगळे गप्प बसतात, म्हणून ते वाक्य आमच्या कामाचे. त्यातून आपला 'मुलं' हा शब्दही चकवणारा आहे. "सगळी मुलं इकडे या" म्हटले की सगळे येतात, आणि "मुलं-मुली वेगळे व्हा" म्हटले की तोच शब्द अर्ध्यांचा होतो. एकदा एक चार वर्षांची पोर मला म्हणाली होती, "बाई, मी मूल नाय काय?"

काजवाताईंना विचारायचे आहे, की नुसत्या रांगांनी खरेच फरक पडतो का? कारण माझ्याकडे खेळणी सारखीच असतात. आमच्या जवळच सावंतवाडीची चितारआळी आहे, तिथली लाकडी भातुकली, जाते, फळे, बैलगाडी असे सगळे माझ्या वर्गात आहे. शिवाय ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवताना शंख-शिंपले, बिया, पाने हेच साहित्य केले होते, ते आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेले मी अजून पाळते. माझा अनुभव असा, की शिंपले आणि करंजाच्या बिया काढल्या की रांगा मोडतात. बी कोणाची असते हे कोणालाच माहीत नसते. मग तिचे पैसे होतात, भात होतो, गुरे होतात. बैलगाडी काढली की मात्र पाचव्या मिनिटाला ती मुलग्यांकडे गेलेली असते.

---

काजवा (बुधवार, सायंकाळी ६:००)

चिंचबोरताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर अगदी नेमके उपलब्ध आहे. लेसी हिलिअर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालवाड्यांत हेच करून पाहिले. काही वर्गांतल्या शिक्षिकांनी दोन आठवडे मुले-मुली अशा रांगा केल्या, "मुलांनो, मुलींनो" अशी हाक मारली, फळ्यावर वेगवेगळे कागद लावले. मुली अमुक करतात आणि मुले तमुक, असे मात्र त्या कधीही म्हणाल्या नाहीत. इतर वर्गांत हे काही केले नाही. दोनच आठवड्यांत पहिल्या वर्गांतली मुले 'हे मुलांचे, ते मुलींचे' असे जास्त मानू लागली आणि एकमेकांत मिसळून खेळणे कमी झाले. मोठी माणसे एखादा भेद इतक्या वेळा उच्चारतात, त्या अर्थी तो महत्त्वाचा असणार, एवढा निष्कर्ष मूल काढते. पुढचे काम ते स्वतः करते.

तुमच्या करंजाच्या बियांचे निरीक्षण माझ्या विद्यार्थ्यांना सांगण्याची परवानगी द्यावी.

---

उत्तरायण (बुधवार, रात्री ११:३०)

मी स्टॉकहोममध्ये राहतो. मुलगी इथल्या 'फोरस्कूला'त, म्हणजे बालवाडीत जाते. स्वीडनच्या बालवाडी अभ्यासक्रमात १९९८ पासूनच असे लिहिलेले आहे, की पारंपरिक लिंगभूमिकांना शाळेने छेद द्यावा. २०१० मध्ये शहरात 'एगालिया' नावाची बालवाडी सुरू झाली, तिथे 'तो' आणि 'ती' टाळून 'हेन' हे तिसरे सर्वनाम वापरतात. तो शब्द २०१५ पासून स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीतही आहे.

अशा बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी मूल दुसऱ्या लिंगाचे असले तरी त्याच्याशी खेळायला ही मुले जास्त तयार होती आणि साचेबंद समजुती त्यांच्यात कमी होत्या. पण समोरच्याला मुलगा-मुलगी म्हणून टिपण्यात ती इतर मुलांइतकीच तरबेज होती. सर्वनाम काढले म्हणून भेद दिसायचा थांबत नाही, फक्त त्याला चिकटणारी यादी आखूड होते. पारिजातताई, त्यामुळे "मी जातो" शिकवल्याची टोचणी तुम्ही मनातून काढून टाकावी.

घरी आम्ही मराठीच बोलतो. मुलगी दिवसभर माझ्याशीच बोलते, म्हणून सध्या "मी जातो" म्हणते. तिच्या आजीला व्हिडिओ कॉलवर हे ऐकून फार काळजी वाटते, आणि मी कोल्हापूरचे नाव पुढे करतो.

---

तांबडापांढरा (गुरुवार, सकाळी ७:१५)

आमच्या गावाचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. आजींना माझा नमस्कार सांगा.

---

सुईदोरा (गुरुवार, सकाळी ११:००)

एक मुद्दा राहून जातो आहे असे वाटते. आपण सगळे मुलीच्या हातात मोटार देण्याविषयी सहज बोलतो, मुलाच्या हातात बाहुली देण्याविषयी तितक्या सहज बोलत नाही. मुलीला लाडाने "आला का माझा राजा", "काय रे सोन्या" असे पुल्लिंगी बोलतात आणि ती खुलते. मुलाला लाडाने "आली का माझी राणी" म्हणणारे घर मी तरी पाहिलेले नाही. ते चिडवणेच होते. वरच्या दिशेने सूट आहे, खालच्या दिशेने नाही, आणि 'वर' कोणते हे मुलाला तिसऱ्या वर्षीच कळलेले असते. लँगलॉय आणि डाउन्स यांच्या १९८० च्या अभ्यासातही मुलग्यांना 'मुलींच्या' खेळण्यांपासून सर्वांत कडकपणे परावृत्त करणारे वडीलच निघाले होते.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण दुसरीतले मूल सात वर्षांचे असते, आणि तुमच्या मुलाचा निर्णय साडेतीनलाच झालेला आहे.

---

पारिजात (रविवार, रात्री ९:१०)

सर्वांचे आभार. चिंचबोरताई, तुमची प्रतिक्रिया छापून त्याच्या बालवाडीतल्या बाईंना दाखवली. त्या आधी जरा बिचकल्या, पण आता हात धुवायची रांग कपड्यांच्या रंगावरून करतात.

खरी बातमी वेगळीच आहे. काल दुपारी भातुकलीची पेटी उघडी पडलेली दिसली. बाल्कनीत स्टूल आडवे टाकलेले, त्यावर शेगडी, बंब आणि छोटे पातेले, खांद्यावर माझा हातपुसणा, आणि हा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात हातभर उंचीवरून चहा ओततो आहे. मी दबकत विचारले, "भातुकली खेळतोस का?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. "आई, ही टपरी आहे."

मी जिन्यात जाऊन हसले. बाबा रोज स्वयंपाक करतात हा पुरावा त्याने मोजलाच नव्हता, कारण बाबा एक. कोपऱ्यावरच्या टपरीवर, वडापावच्या गाडीवर, लग्नातल्या आचाऱ्यांमध्ये मात्र त्याने पुरुष मोजले, आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पेटी तीच, शेगडी तीच, पण खांद्यावर फडके आले आणि खेळणे या बाजूला आले.

संध्याकाळी शेजारची चिमुरडी आली आणि पातेल्याला हात लावू लागली, तेव्हा तो तिला शांतपणे म्हणाला, "तू गिऱ्हाईक हो. मुलींची टपरी नसते." म्हणजे मी पुन्हा होते तिथेच. ती "मग मी पैशे नाही देणार" म्हणून निघून गेली, एवढाच काय तो दिलासा. आपल्याकडे चहाची टपरी चालवणारी बाई कोणी पाहिली आहे का? त्याला समजावून उपयोग नाही, दाखवावीच लागेल.

---

सुईदोरा (रविवार, रात्री ९:३२)

मी पुण्यातच असते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी गेली कित्येक वर्षे चहाची गाडी लावतात आणि उधारीवाल्यांना मोठ्याने नावानिशी हाक मारतात. पहाटे साडेपाचला उघडतात. येत्या रविवारी त्याला घेऊन या, आणि शेजारच्या चिमुरडीलाही आणा. पत्ता निरोपातून कळवते.